मोनेमव्हासिया : एका ग्रीक बेटावरच्या गावाचं नाव आणि त्याचे अर्थ

उंबरठा

ग्रीसच्या नकाशात पेलोपोनीज या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाचा हात खाली समुद्रात जिथे संपतो, तिथे आग्नेय किनाऱ्याला लागून एक कातळ उभा आहे. किनाऱ्यावरून पाहिलं तर नुसता उघडाबोडका डोंगर. एक घर दिसत नाही, एक छप्पर दिसत नाही. एका अरुंद बांधावरून चालत जायचं, कातळाच्या पायथ्याने वळसा घ्यायचा, आणि रस्ता तटाच्या भिंतीला जाऊन थांबतो. भिंतीत एक दरवाजा. आत बोळ काटकोनात वळतो, क्षणभर अंधार होतो, आणि बाहेर पडलं की दगडी गाव समोर येतं. समुद्राकडे तोंड, जमिनीकडे पाठ. ग्रीसमध्ये अनेक गावं सुंदर आहेत, पण इतकं नीट दडवलेलं गाव मी दुसरं पाहिलं नाही.

गावाचं नाव मोनेमव्हासिया. 'मोनी' म्हणजे एकमेव, 'एमव्हासिस' म्हणजे आत जाण्याची वाट. एकवाटेचं गाव. ही फोड नंतरच्या पंडितांनी बसवलेली नाही. 'मोनेमव्हासियाची बखर' म्हणून ओळखला जाणारा एक मध्ययुगीन ग्रीक मजकूर आहे, त्यातच हे दिलं आहे. सहाव्या शतकाच्या अखेरीस, बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राट मॉरिसच्या काळात, स्लाव टोळ्या दक्षिणेकडे उतरल्या. तेव्हा लॅकोनियातल्या, म्हणजे स्पार्टाच्या मुलखातल्या लोकांपैकी काही जणांनी समुद्रकाठची एक दुर्गम जागा शोधली, आपल्या बिशपसह तिथे वस्ती केली, आणि आत शिरायला एकच वाट म्हणून तिला हे नाव दिलं, असं बखर म्हणते. स्पार्टा हे तटबंदी नसल्याचा अभिमान बाळगणारं शहर होतं. त्याच मुलखातल्या लोकांनी हजार वर्षांनी जे गाव वसवलं त्याचं नावच तटबंदीचं आहे, हे मला फार बोलकं वाटतं.

नाव खरं ठरलंही. ११४७ मध्ये सिसिलीच्या नॉर्मनांचा हल्ला गावाने परतवला. चौथ्या धर्मयुद्धानंतर फ्रेंच सरदारांनी पेलोपोनीज घशात घातला, तरी हा कातळ शेवटपर्यंत हाती लागेना. त्यांच्यातल्या विल्यम द विलहार्दुआँने समुद्रातून आणि जमिनीवरून वेढा घातला, तो तीन वर्षं चालला. आतले लोक पिंजऱ्यात कोंडलेल्या बुलबुलासारखे झाले आणि उंदीर-मांजरं खाण्याची पाळी आली, असं मोरियाच्या (म्हणजे पेलोपोनीजच्या) बखरीत आहे. अखेर १२४८ च्या सुमारास गावच्या तीन मोठ्या घराण्यांच्या प्रमुखांनी किल्ल्या आणून दिल्या. म्हणजे वाट कोणी फोडली नाही, आतूनच उघडली.

पण मला लिहायचं आहे ते पुढचं. ज्या नावाचा अर्थ 'आत यायला एकच वाट' असा, ते नाव जहाजांवर चढून युरोपभर गेलं आणि जाताना अर्थ गावातच ठेवून गेलं. इटालियन लोकांनी त्याचं 'मालव्हाझिया' केलं, फ्रेंचांनी 'माल्व्वाझी', इंग्रजांनी 'माम्झी'. या सगळ्यांचा अर्थ गाव नाही. अर्थ आहे गोड, जड, महाग वाइन. आज मालव्हाझिया म्हटलं की लोकांना द्राक्षाची जात आठवते. पहिला अर्थ पुसला गेला, दुसरा जगभर झाला. यावर जाणकारांनी लिहावं म्हणून हा धागा. नावाच्या उच्चारापासून वाइनपर्यंत काहीही चालेल.

शब्दवेडी

धागा फार आवडला. 'एमव्हासिस' या शब्दावर थोडं लिहिते, कारण तो आपल्याला वाटतो तितका परका नाही.

जुन्या ग्रीकमध्ये त्याचा उच्चार 'एंबासिस'. 'एन' म्हणजे आत, आणि 'बासिस' म्हणजे चालणं, पाऊल. हा 'बासिस' आणि संस्कृतातला 'गति' हे एकाच मूळ शब्दाचे दोन वंशज आहेत. संस्कृतात धातू गम्, ग्रीकमध्ये 'बाइनो'. ग आणि ब यांची जोडी पहिल्यांदा विचित्र वाटते, पण ती नियमाने येते. संस्कृत 'गो', ग्रीक 'बूस' (गाय-बैल). संस्कृत 'गुरु' म्हणजे जड, ग्रीक 'बारिस' म्हणजेही जड, आणि हवेचा दाब मोजणाऱ्या बॅरोमीटरमधला 'बॅरो' तोच. मूळ भाषेत ग आणि व यांच्या मधला एक ध्वनी होता. आपल्याकडे त्याचा ग झाला, ग्रीकांकडे बहुतेक ठिकाणी ब. पुढे ग्रीक ब चा उच्चार व्ह झाला, म्हणून एंबासिसचं एमव्हासिस.

तेव्हा मोनेमव्हासियाच्या पोटात आपली 'गति' आहे.

चिंचपोकळी

शब्दवेडी, वा! गुरु आणि बॅरोमीटर हे नातं आज कळलं.

एक शंका. मोनेमव्हासियाचं मालव्हाझिया कसं होईल? 'न' चा 'ल' व्हायला काही कारण हवं ना? की दोन वेगळे शब्द आहेत आणि कोणीतरी ओढून ताणून जोडले?

शब्दवेडी

ओढाताण नाही. बोलीभाषेत ग्रीक लोक आजही 'मोनोव्हासिया' म्हणतात, म्हणजे मधला म गळतो. आता तोंडात म आणि न हे दोन नाकातले ध्वनी एकापाठोपाठ येतात. अशा वेळी जीभ एकाला बदलून टाकते आणि बहुधा ल कडे वळते. आपण हे रोज करतो. संस्कृत 'निंब' चं मराठीत 'लिंब' झालं, म्हणून कडुलिंब. 'नवनीत' चं 'लोणी' झालं. आणि खेड्यापाड्यात आजही 'नंबर' ला 'लंबर' म्हणणारी माणसं आहेत. मोनोव्हासियाचं मालव्हाझिया करणारा इटालियन खलाशी आणि बसचा लंबर विचारणारी आजी, दोघांच्या जिभेने एकच काम केलं आहे.

शिवाय पुरावा फक्त ध्वनीचा नाही. व्हेनिसच्या कागदपत्रांत गावाला सरळ 'नापोली दी मालव्हाझिया' म्हटलेलं आहे. ('नापोली दी रोमानिया' म्हणजे नाफ्प्लियो, हे पेलोपोनीजमधलंच दुसरं बंदर. दोन्हींत गल्लत नको.) गाव आणि वाइन या दोन्हींना तेच नाव आहे.

तांडेल

मी मालवाहू जहाजांवर नोकरी केली आहे, त्या अंगाने लिहितो.

पूर्वेकडून, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल किंवा स्मर्नाकडून (आजचं इझमीर) इटलीला जाणारं जहाज केप मलेया या भूशिराला वळसा घालतं. ही खलाशांना नकोशी जागा. वारे एकदम फिरतात, डोंगरावरून झोत उतरतात. जुन्या ग्रीकांत म्हणच होती की मलेयाला वळसा घालायचा तर घर विसरा. मोनेमव्हासिया या भूशिराच्या थोडं उत्तरेला आहे. शिडाच्या जहाजांनी वाऱ्याची वाट पाहत थांबायचं कुठे, तर तिथेच. ७२३ च्या सुमारास विलिबाल्ड नावाचा इंग्लंडचा यात्रेकरू पवित्र भूमीकडे जाताना तिथे थांबला, आणि त्याच्या चरित्रात गावाचं नाव 'मानाम्फासिया' असं आलंय. बघा, ग्रीक नसलेल्या कानाने ऐकलं की लगेच रूप बदललं. पुढे ७४० च्या दशकात प्लेगची साथ सिसिलीकडून ग्रीसमध्ये आली ती याच बंदरातून, असं बायझंटाइन इतिहासकार थिओफानीस लिहितो.

माझं म्हणणं असं. जमिनीच्या बाजूने हे एकवाटेचं गाव. समुद्राच्या बाजूने हा चव्हाटा. नाव दिलं ते जमिनीकडे बघत भेदरलेल्या लोकांनी, आणि पसरवलं ते समुद्राकडून येणाऱ्यांनी. त्यांना त्या अर्थाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्यासाठी ते पिंपं भरायचं ठिकाण.

रानवारा

तांडेल काका, पटलं. पण मुळात ती वाइन या गावची होती का? कातळावर द्राक्षं कुठे लावणार?

तांडेल

कातळावर नाही. सुरुवातीला आसपासच्या मुलखातली, आणि गावच्या व्यापाऱ्यांच्या हातातली. मोनेमव्हासियाचे लोक जातिवंत व्यापारी आणि खलाशी. बायझंटाइन सम्राटांनी त्यांना जकातीत मोठ्या सवलती दिल्या होत्या. पण मागणी वाढली तसं व्हेनिसने हीच वाइन क्रीटमध्ये प्रचंड प्रमाणात करायला घेतली. क्रीट तेव्हा व्हेनिसच्या ताब्यात होतं. इंग्लंडला जाणारी माम्झी बरीचशी क्रीटची. नाव मात्र पहिल्या बंदराचं. १४७८ मध्ये इंग्लंडच्या राजाचा भाऊ, ड्यूक ऑफ क्लॅरेन्स, टॉवर ऑफ लंडनमध्ये मारला गेला. त्याला माम्झीच्या पिंपात बुडवून मारलं अशी वदंता तेव्हापासून चालत आली आहे. खरं-खोटं देव जाणे, पण त्या काळी लंडनमध्ये ही वाइन किती ओळखीची होती हे त्यावरून कळतं.

व्हेनिसमध्ये तर ही वाइन विकणाऱ्या दुकानांनाच 'मालव्हाझिया' म्हणत. आजही तिथल्या काही गल्ल्यांच्या नावात ते आहे. म्हणजे गावाचं नाव, वाइनचं नाव, गुत्त्याचं नाव आणि शेवटी गल्लीचं नाव.

गुलबकावली

पोर्तुगीज लोकांनी हीच वेल मदैरा बेटावर नेली ना? आणि आपला 'मदिरा' शब्द त्याच बेटावरून आला असं कुठेतरी वाचलं होतं. ते खरं का?

शब्दवेडी

अजिबात नाही. 'मदिरा' संस्कृत 'मद्' धातूवरून, पोर्तुगीज दर्यावर्दी त्या बेटावर उतरले (साधारण १४१९) त्याच्या कित्येक शतकं आधीचा. आणि पोर्तुगीजमध्ये 'मदैरा' म्हणजे लाकूड, कारण बेट घनदाट जंगलाचं होतं. नुसता योगायोग. हे व्हॉट्सॅपवर फार फिरतं, म्हणून इथे स्पष्ट लिहून ठेवते.

वेलींचं मात्र खरं आहे. व्हेनिसचा दर्यावर्दी कादामोस्तो १४५५ मध्ये मदैराला गेला. कँडियाहून, म्हणजे क्रीटहून, तिथे मालव्हाझियाच्या वेली आणवल्या होत्या असं त्याने लिहून ठेवलंय. मदैराच्या वाइनपैकी सगळ्यात गोड प्रकाराला आजही माम्झी म्हणतात.

चिंचपोकळी

म्हणजे इटलीतली, क्रोएशियातली, कॅनरी बेटांवरची मालव्हाझिया ही सगळी एकाच वेलीची पोरं?

रानवारा

नाही. वाइनच्या धंद्यात थोडंफार काम केलंय, म्हणून हे खात्रीने सांगतो. मालव्हाझिया नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्राक्षांच्या डीएनए तपासण्या झाल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच जातींचं एकमेकींशी जवळचं नातं नाही. क्रोएशियाकडच्या इस्त्रियाची मालव्हाझिया वेगळी, मदैराची वेगळी. नाव खपत होतं, म्हणून गोड आणि सुवासिक वाइन देणाऱ्या वेगवेगळ्या वेलींना लोकांनी ते लावलं.

आणि खुद्द ग्रीसमध्ये 'मोनेमव्हासिया' नावाची द्राक्षाची जात आहे, ती मुख्यतः पारोस बेटावर पिकते! गावाच्या परिसरात ही वाइन पुन्हा करायला सुरुवात झाली ती अगदी अलीकडे. २०१० मध्ये 'मोनेमव्हासिया-मालव्हाझिया' या नावाला मूळस्थानाचं संरक्षित नामांकन मिळालं. द्राक्षं उन्हात वाळवून, साखर आटवून, मग वाइन. निम्म्याहून जास्त द्राक्ष मोनेमव्हासिया जातीचं असावं लागतं, बाकी असिर्तिको, किदोनित्सा वगैरे स्थानिक जाती. ग्रीक आणि इटालियन अशी दोन्ही रूपं एकाच नावात जोडली, हे मला आवडलं.

कोहम

सुंदर चर्चा. एका अर्थाचा उल्लेख अजून कोणी केला नाही म्हणून लिहितो.

१५४० मध्ये व्हेनिसने हे गाव उस्मानी तुर्कांच्या हवाली केलं. तुर्की कानाला मोनेमव्हासिया म्हणजे काय कळणार? त्यांनी जवळचा ओळखीचा शब्द धरला : 'मेनेफ्शे', 'बेनेफ्शे', आणि आजच्या तुर्कीत 'मेनेक्शे'. अर्थ जांभळं फूल, इंग्रजीतलं व्हायोलेट. शब्द मुळात फारसी, 'बनफ्शा'. आणि हा बनफ्शा आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात आजही मिळतो. सर्दी-खोकल्याच्या काढ्यात घालतात ती वाळकी, फिकट जांभळी फुलं. माझी आजी 'गुलबनफ्शा' म्हणायची. युनानी वैद्यकातून तो शब्द इकडे आला.

म्हणजे ग्रीकांसाठी एक वाट, युरोपसाठी गोड वाइन, तुर्कांसाठी जांभळ्या फुलांचा किल्ला. या तिसऱ्या अर्थामागे ना इतिहास ना भूगोल, निव्वळ ध्वनिसाम्य. तरी अडीचशेहून थोडी जास्त वर्षं (मधली १६९० ते १७१५ ही व्हेनिसची वर्षं सोडून) हजारो लोकांनी तो किल्ला या फुलाच्या नावाने ओळखला. असं नाव खोटं कसं म्हणायचं?

गुलबकावली

कोहम, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर विचार करतेय. मला वाटतं खोटं म्हणू नये. आपला मुरुडचा जंजिराही अरबी 'जझीरा', म्हणजे बेट, यावरूनच. तिथे निदान अर्थ जागेला लागू आहे. इथे फूल आणि कातळ यांचा संबंध नाही. पण नाव लोकांनी वापरलं की झालं.

उंबरठा, मला प्रत्यक्ष गावाबद्दल विचारायचंय. खरंच एकच दरवाजा आहे का?

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या बाजूंनी प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

गुलबकावली, हा कळीचा प्रश्न आहे. गावाच्या तटाला दरवाजे एकाहून जास्त आहेत. पश्चिमेचा मुख्य दरवाजा, ज्यातून सगळे आत येतात. त्याची लाकडी कवाडं लोखंडी पत्र्याने मढवलेली आहेत आणि पत्र्यावर गोळ्यांचे खळगे आहेत. हात फिरवला तर बोट त्यात बसतं. पूर्वेला दीपगृहाकडे जाणारा एक दरवाजा. आणि दक्षिणेच्या समुद्री तटात एक लहानसं दार, त्याला 'पोर्तेलो' म्हणतात. तिथून पायऱ्या थेट खडकावर उतरतात, आता पोहणारे तिथून पाण्यात उतरतात. वरच्या पठारावरच्या गावाला पुन्हा स्वतंत्र दरवाजा. नागमोडी वाटेने चढून जावं लागतं, आणि तिथे बाराव्या शतकातलं आय्या सोफिया हे चर्च अगदी कड्याच्या धारेवर उभं आहे.

तेव्हा 'एकच वाट' ही दरवाजांची मोजदाद नाही. ती जमिनीवरून बेटावर येण्याची एकच वाट, म्हणजे तो बांध आणि त्यावरचा पूल. पूर्वी तिथे कमानींचा दगडी पूल होता. पुलाच्या अलीकडच्या, मुख्य भूमीवरच्या वस्तीचं नाव आजही 'येफिरा', अर्थ पूल. म्हणजे एका बाजूच्या गावाचं नाव पूल आणि दुसऱ्या बाजूच्या गावाचं नाव एकच वाट. दोन्ही नावं त्या एका चिंचोळ्या पट्टीबद्दलच बोलतात.

चिंचपोकळी

हे बेट आधी भूशिर होतं असं वाचलंय. मग वाटेचा अर्थ बदलत नाही का?

कोहम

पाउसानियस हा ग्रीक प्रवासवर्णनकार (दुसरं शतक) या भागाचं वर्णन करताना 'मिनोआ' नावाचं भूशिर सांगतो. त्यावरून हा कातळ तेव्हा जमिनीला जोडलेला होता असं मानतात, आणि ३७५ मधल्या भूकंपाने तो तुटला असं परंपरेने सांगितलं जातं. म्हणजे सहाव्या शतकात निर्वासित आले तेव्हा ते बेट झालेलं होतं. जुनं नाव मिनोआ मागे पडलं आणि नव्या लोकांनी समोर दिसलं ते नाव दिलं. मला तर उलट वाटतं की जमीन तुटली म्हणूनच वाट 'एकमेव' म्हणण्याजोगी झाली.

रानवारा

कवी यानिस रित्सोस इथलाच ना?

उंबरठा

हो. १९०९ मध्ये इथेच जन्म, आणि १९९० मध्ये गेल्यावर इथेच दफन. दरवाजाकडे जाताना वाटेतच दफनभूमी लागते. जमीनदाराचं घर, कर्जात बुडालेलं, आई आणि भाऊ क्षयाने गेलेले, पुढे डाव्या विचारांपायी बेटांवरचे तुरुंग. त्याच्या कवितेत उन्हाने भाजलेला दगड पुन्हापुन्हा येतो. इथला दुपारचा कातळ पाहिला की तो कुठून आला हे वेगळं विचारावं लागत नाही.

आणि नावाबद्दल शेवटचं, कारण वर कोणी लिहिलं नाही. तटाच्या आत राहणारे लोक आपल्या गावाला बोलताना सहसा मोनेमव्हासिया म्हणत नाहीत. ते 'कास्त्रो' म्हणतात, म्हणजे किल्ला. वरच्या उजाड गावाला 'गुलास', जो तुर्की 'कुले' म्हणजे बुरूज यावरून आलाय. तिथला शेवटचा रहिवासी १९११ मध्ये खाली उतरला. मोनेमव्हासिया हे नाव आता पूल ओलांडून अलीकडे आलंय. येफिरातल्या हॉटेलांच्या पाट्यांवर तेच असतं. २०११ पासून तर मोनेमव्हासिया नावाची मोठी नगरपालिका आहे, तिच्यात केप मलेयापर्यंतचा मुलूख येतो, आणि तिचं मुख्यालय मोलाई नावाच्या आतल्या गावात आहे, समुद्रापासून दूर.

गुलबकावली

कसं जायचं तेही सांगा ना. पुढच्या वर्षी ग्रीसचा विचार आहे.

उंबरठा

अथेन्सहून बस स्पार्टामार्गे जाते, दिवसातला मोठा भाग प्रवासात जातो. येफिराला उतरा. गाडी दरवाजापर्यंतच, आत वाहन चालत नाही, सामान हातगाडीवरून किंवा हातात. गुळगुळीत दगडी फरसबंदी आहे, चढ-उतार खूप, त्यामुळे चांगली पकड असलेले बूट घ्या. वर चढायचं तर सकाळी लवकर, पाणी बरोबर. पठारावर झरा नाही, पूर्वी लोक पावसाचं पाणी टाक्यांत साठवायचे, त्या टाक्या अजून पाहायला मिळतात. जुलै-ऑगस्ट टाळा. मे किंवा ऑक्टोबर बघा. आणि बांधावरून मात्र पायीच जा.